प्लास्टिकचा धूर कारखान्यातच ठरतो

प्लास्टिक जाळू नका, आणि जाळल्यास दंड होईल, एवढ्या दोन वाक्यांत कोल्हापुरातली या प्रश्नावरची सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा संपते. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत जाळायला मनाई केली, आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवून दिला. तरीही ही मांडणी मला अपुरी वाटते, कारण तिच्यात सगळी जबाबदारी काडी लावणाऱ्याच्या हातावर येऊन थांबते. ढिगातून निघणारा धूर किती घातक असेल, हे काडी लागण्याच्या पुष्कळ आधी, प्लास्टिकचा दाणा तयार होताना त्यात काय मिसळले गेले यावर मोठ्या प्रमाणात ठरलेले असते. त्या मिसळण्याविषयी ना महापालिका प्रश्न विचारते, ना ग्राहक, ना सरकार, आणि माझा आक्षेप नेमका या मौनाला आहे.

निव्वळ पॉलिथिन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, दुसरे काही नाही. ते पूर्ण जळाले तर त्यातून कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ निघेल, आणि किलोमागे सुमारे 43 ते 46 मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ डिझेलइतकी उष्णता मिळेल. ओल्या चिपाडातून यापेक्षा कितीतरी कमी उष्णता मिळते. सकाळी बंब पेटवताना लाकडाखाली एखादी पिशवी सरकवणारे घर असो किंवा बॉयलरच्या तोंडात चिंध्यांबरोबर प्लास्टिक ढकलणारा कारखाना असो, या मोहामागे मूर्खपणा नाही, जळणाचा हिशेब आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अर्थात बंबात किंवा कोंडाळ्यात हवा पुरेशी मिळत नाही आणि ज्वाला एकसारखी तापत नाही, त्यामुळे शुद्ध पॉलिथिनमधूनही कार्बन मोनॉक्साईड, काजळी आणि बेंझो-ए-पायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे निघतात. ही झाली तळाची पातळी, म्हणजे काहीही न मिसळता मिळणारी हानी. प्रत्यक्ष बाजारात मात्र काहीही न मिसळलेले प्लास्टिक जवळपास नसतेच. रंग, मऊपणा, उन्हात टिकण्याची ताकद, आग न पकडण्याचा गुण, किंमत उतरवणारी भर, यांतला प्रत्येक गुण एखाद्या वेगळ्या द्रव्यामुळे येतो, आणि त्यातले प्रत्येक द्रव्य आगीत आपापल्या स्वभावाप्रमाणे वागते.

कोल्हापुरात यातले सगळ्यांत ठळक उदाहरण शोधायला चौकाबाहेर जावे लागत नाही. आपण ज्याला नुसते डिजिटल म्हणतो, तो वाढदिवसाचा, निवडीचा, तालमीच्या विजयाचा किंवा श्रद्धांजलीचा फलक म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर चढवलेला पीव्हीसीचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला गुंडाळता येईल इतके मऊ करण्यासाठी त्यात थॅलेटसारखी तेलकट द्रव्ये घालतात, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साईड, स्वस्त पडावे म्हणून चुनखडीची पूड, आणि तापवताना पीव्हीसी फुटू नये म्हणून धातूंचे क्षार असलेले स्टॅबिलायझर. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीन असतो. ते दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे नीट पेट घेण्याच्याही आधी, हा क्लोरीन हायड्रोजन क्लोराईडच्या रूपात सोडू लागते. एक किलो शुद्ध पीव्हीसीतून असा सुमारे 580 ग्रॅम वायू निघू शकतो. ओल्या हवेत, डोळ्यांत किंवा घशात त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. मऊपणासाठी घातलेले थॅलेट काही प्रमाणात जळतात, काही प्रमाणात नुसते वाफ होऊन उडतात आणि थंड झाल्यावर काजळीच्या कणांवर बसतात, त्यामुळे हा धूर दाट, काळा आणि चिकट असतो.

फलकाचे आयुष्य चार दिवसांचे, पण फ्लेक्सचे त्याहून मोठे. कार्यक्रम झाला की तो गोठ्यावर, वैरणीच्या गंजीवर, पत्र्याच्या फटीवर, ऊसतोड मजुरांच्या खोपीवर चढतो. हा पुनर्वापर मी वाईट मानत नाही. ज्याला पावसात डोक्यावर आच्छादन हवे आहे त्याच्यासाठी ती उपयोगाचीच वस्तू आहे. पण उन्हाने तडकलेला तो तुकडा अखेर पाचटाबरोबर, चुलीत किंवा बांधावरच्या आगीत जातो, आणि त्याच्या पाठीवरून तोवर छापणाऱ्याचे, लावणाऱ्याचे आणि ज्याच्यासाठी लावला त्याचे नाव पुसले गेलेले असते. उरतो तो फक्त जाळणारा. देशाने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली त्यांत प्लास्टिक किंवा पीव्हीसीचे फलकही आहेत, पण शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ असतील तरच. चौकात लागणारे नेहमीचे फ्लेक्स त्याहून जाड असते, म्हणून ते सुटते. जाडी वाढली की वस्तू पुन्हा वापरली जाईल, हा पिशवीच्या बाबतीत ठीक असलेला तर्क इथे उलटा पडतो, कारण जाड फ्लेक्समध्ये क्लोरीन जास्त असतो.

क्लोरीनपेक्षाही अधिक गंभीर गोष्ट डायॉक्सिनची, म्हणजे जळताना तयार होणाऱ्या अत्यंत विषारी आणि चिवट क्लोरीनयुक्त संयुगांची आहे, आणि तिथे मिसळलेल्या द्रव्यांची भूमिका अगदी स्पष्ट दिसते. डायॉक्सिन तयार व्हायला क्लोरीन, अर्धवट जळलेला कार्बन आणि धूर थंड होतानाचा साधारण दोनशे ते साडेचारशे अंशांचा टप्पा लागतो. या तिन्हींना जोडणारा, क्रिया वेगवान करणारा उत्प्रेरक म्हणून तांब्याची संयुगे सर्वांत प्रभावी ठरतात. तांबे त्या क्रियेत खर्च होत नाही, म्हणून त्याचे अत्यल्प प्रमाणही पुरते. अॅडिटिव्ह, म्हणजे मिसळलेले द्रव्य, तर अर्धा-एक टक्का असते, त्याने काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. प्लास्टिकला निळा रंग देणारे सर्वांत प्रचलित रंगद्रव्य कॉपर थॅलोसायनिन हे आहे आणि त्याच्या वजनात सुमारे 11 टक्के तांबे असते. त्याच कुळातल्या हिरव्या रंगद्रव्यात तर तांब्याच्या जोडीला वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोरीन असतो. पिवळ्या-नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट वापरले असेल, तर शिसे आणि क्रोमियम धुरात किंवा राखेत येतात. एखादी हिरवी पिशवी एकटी जळाली तर फार मोठे संकट येते असे नाही. पण ती फ्लेक्सच्या तुकड्याशेजारी जळते, आणि कचऱ्याच्या ढिगात सगळेच एकमेकांच्या शेजारी असते.

हे शेजारपण सर्वांत वाईट रूपात दिसते ते वायर जाळताना. शेतातल्या पाणबुडी मोटारींच्या वाइंडिंगची तार पुष्कळदा पीव्हीसीचे आवरण असलेली तांब्याची असते. मोटार जळाली की नवे वाइंडिंग होते, जुनी तार भंगारात जाते, आणि तांबे मोकळे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तारेच्या गुंडाळीला आग लावणे. तांबे, क्लोरीन, काजळी आणि मंद धुमसणारी आग, डायॉक्सिनला लागते ते सगळे त्या एका गुंडाळीत हजर असते. हे काम करणारा माणूस दिवसाच्या मजुरीसाठी त्या धुरात उभा असतो. आवरण सोलणारी छोटी यंत्रे मिळतात, ती महाग नाहीत, आणि सोललेल्या तांब्याला भावही जळालेल्या तांब्यापेक्षा चांगला मिळतो. उद्यमनगर या आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत एवढे कसबी हात असताना भंगारवाल्यांच्या गल्लीसाठी सामायिक सोलणयंत्र बसवणे अवघड असायचे कारण नाही. दंडापेक्षा हा उपाय अधिक धूर थांबवील, अशी माझी खात्री आहे.

महापुराने आपल्याला कचऱ्याचा आणखी एक प्रकार दाखवला. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी ओसरले, तेव्हा रस्त्यावर आले ते नेहमीचे रॅपर आणि बाटल्या नव्हेत, तर फोमच्या गाद्या, सोफे, टीव्हीच्या काळ्या पेट्या, फ्रीजचे दरवाजे, स्विचबोर्ड. या वस्तू आग लवकर पकडू नयेत म्हणून त्यांतल्या पुष्कळांमध्ये ब्रोमीनयुक्त किंवा क्लोरीनयुक्त ज्वालारोधके मिसळलेली असतात, आणि त्यांच्या जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साईड. घरात शॉर्टसर्किट झाले तर ही द्रव्ये जीव वाचवू शकतात, त्यांचा हेतू चांगला आहे. ती ज्वालेतल्या साखळी क्रियांना अडवून आग मंदावतात. पण हाच गुण ढिगाच्या आगीत घात करतो: ज्वाला दबते, जळणे अर्धवट राहते, कार्बन मोनॉक्साईड आणि काजळी वाढते, आणि ब्रोमीनपासून डायॉक्सिनचीच ब्रोमीनयुक्त भावंडे तयार होतात. फोममधून वर हायड्रोजन सायनाईड निघते ते वेगळेच. या कुळातल्या काही ज्वालारोधकांना स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने 2009 मध्ये आणि डेकाबीडीई या सर्वांत खपाच्या द्रव्याला 2017 मध्ये टाळायच्या चिवट प्रदूषकांच्या यादीत घातले. परंतु त्याआधी विकलेले टीव्ही आणि सोफे अजून घराघरांत आहेत. पूररेषेतल्या शहराने पुरानंतरच्या कचऱ्याची जागा आणि वाट आधीच ठरवून ठेवली नाही, तर ऐन घाईत कोणीतरी काडी लावणारच, आणि त्या माणसाला दोष देणे फार सोपे असेल.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे दुर्लक्ष करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही मिसळलेली द्रव्ये धूर खरोखर कमी करतात. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साईड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड तापल्यावर पाण्याची वाफ सोडतात, उष्णता शोषतात आणि काजळी घटवतात. त्यात ना क्लोरीन आहे ना ब्रोमीन. गंधक आणि नायट्रोजनची काही संयुगे तांब्याच्या उत्प्रेरक गुणाला मारतात आणि भट्टीतले डायॉक्सिन कमी करतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. चुना आणि चुनखडी हायड्रोजन क्लोराईड धरून ठेवतात. चांगल्या कचराभट्ट्यांच्या धुरात चुना फवारतात तो याचसाठी. टोकियोत 1990 च्या दशकात घरगुती कचऱ्यासाठी चुनखडी मिसळलेल्या पिशव्या वापरायला लावल्या गेल्या होत्या. यावरून असा निष्कर्ष काढला जातो की दाण्यातच पुरेशी चुनखडी घातली, किंवा ढिगावर एखादी पावडर टाकली, तर जाळण्याचा प्रश्न सुटेल. हा निष्कर्ष मला धोकादायक वाटतो.

हिशेबच करून पाहू. एक किलो शुद्ध पीव्हीसीतून निघणारा सगळा हायड्रोजन क्लोराईड धरायचा, तर कागदावरच्या समीकरणाप्रमाणे सुमारे 800 ग्रॅम चुनखडी लागते, तीही कण न् कण वापरला गेला तर. प्रत्यक्षात वायू चुनखडीच्या कणाच्या पृष्ठभागावरच पकडला जातो, आतला गाभा तसाच राहतो, आणि तोवर बराचसा वायू वर निघून गेलेला असतो. जो पकडला गेला त्याचे कॅल्शियम क्लोराईड होते. आग खूप तापली आणि वाफ व माती सोबत असली, तर त्यातला काही क्लोरीन पुन्हा सुटतो. नाही सुटला तर तो राखेत राहतो, आणि कॅल्शियम क्लोराईड पाण्यात इतके सहज विरघळते की पहिल्या पावसात ते नाल्याने नदीकडे निघते, सोबत राखेतले शिसे आणि कॅडमियमही. टोकियोतल्या पिशव्या उघड्यावर जळत नव्हत्या. त्या नियंत्रित भट्टीत जळत होत्या, जिथे तापमान, हवेचा पुरवठा, धूर धुण्याची व्यवस्था आणि राखेची विल्हेवाट या चारही गोष्टी कोणाच्या तरी जबाबदारीखाली होत्या. महापालिकेच्या झूम प्रकल्पावरच्या, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरच्या ढिगाला किंवा गल्लीच्या टोकाच्या कोंडाळ्याला यातले काहीही लागू नाही. तिथे चुनखडीने धुराचा झोंबरा वास कमी होईल, डोळे कमी चुरचुरतील, आणि लोक पूर्वीपेक्षा निर्धास्तपणे जाळू लागतील. ज्या इशाऱ्यावर माणूस नाक दाबून बाजूला होतो तो इशाराच मंद करणे, ही सुधारणा म्हणता येत नाही.

मग मोठी कचराभट्टीच का बांधू नये, असा प्रश्न येतो. नियमांप्रमाणे अशा भट्टीत 950 अंश तापमान आणि त्या तापमानात वायूला किमान दोन सेकंद मुक्काम हवा, आणि धुरात डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम इतकी काटेकोर आहे. ही मर्यादा रोज पाळायची तर भट्टीत जाणारा कचरा ठाऊक असलेला लागतो. कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे पाठवायच्या कचऱ्याच्या इंधनालाही क्लोरीनची मर्यादा असते, कारण जास्त क्लोरीन भट्टीत क्षारांचे थर जमवून तिला जाम करतो. म्हणजे कोणत्याही मार्गाने गेलो तरी गाडी येऊन थांबते ती त्याच जागी: या प्लास्टिकमध्ये काय आहे, हे कोणाला तरी माहीत असायला हवे.

आणि ते कोणालाच सांगितले जात नाही. वस्तूवरच्या त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा मूळ प्रकार सांगतो, 3 असेल तर पीव्हीसी. त्यात शिसे आहे की नाही, तांब्याचा रंग आहे की नाही, याविषयी तो गप्प असतो. पिशव्यांच्या रंगद्रव्यांना भारतीय मानकाची अट आहे, पण ती अन्नाला स्पर्श होईल या काळजीपोटी आहे, ते प्लास्टिक उद्या जळेल या शक्यतेचा तिथे विचार नाही. शिशाच्या स्टॅबिलायझरवर केंद्राने 2021 मध्ये नियम केला, तो पीव्हीसी पाइप आणि फिटिंगपुरता. वायरचे आवरण आणि फ्लेक्स त्याच्या बाहेर राहिले. हरित लवादाच्या 2016 च्या ज्या आदेशातला दंड सगळ्यांना पाठ आहे, त्याच आदेशात अल्पायुषी पीव्हीसी आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिकवर बंदी घालण्याचा विचार सहा महिन्यांत करावा, असेही केंद्र व राज्य सरकारांना सांगितले होते. दंडाचे कलम खाली गल्लीपर्यंत पोहोचले. उत्पादकाला लागू पडणारे कलम मात्र जाड फ्लेक्सपर्यंत अजून आलेले नाही. या असमतोलाचा मला मनापासून राग येतो.

हवेच्या मोजमापातही हेच घडते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत कोल्हापूर आहे, आणि त्यातली प्रगती मुख्यतः धूलिकणांच्या वजनावर मोजली जाते. रस्त्याची माती आणि जळत्या तारेची काजळी या मोजणीत एकाच तराजूत पडतात. 2009 च्या राष्ट्रीय मानकांतल्या बारा प्रदूषकांत शिसे, बेंझिन आणि बेंझो-ए-पायरीन आहेत, पण हायड्रोजन क्लोराईड, डायॉक्सिन, कॅडमियम, अँटिमनी यांना तिथे जागा नाही. डायॉक्सिन फुप्फुसापेक्षा अन्नातून अधिक येते; माणसाच्या शरीरात जाणारा त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग दूध, मांस, मासे यांच्या चरबीतून येतो आणि शरीरात अर्धा व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धूर वैरणीवर बसतो, वैरण म्हैस खाते, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त. कोल्हापूरच्या दुधात दोष आहे असा आरोप मी करत नाही. ज्या जिल्ह्याचे घरोघरीचे अर्थकारण दुधावर उभे आहे, त्याने कचरा डेपो आणि वायर जाळण्याच्या जागांच्या आसपासची माती, वैरण आणि दूध अधूनमधून तपासून घेणे हे त्याच दुधाच्या हिताचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

उपायांचा बराचसा भाग दिल्ली-मुंबईच्या हातात आहे: दाणा तयार करणाऱ्याने क्लोरीन, ब्रोमीन, शिसे आणि तांबे यांचे प्रमाण जाहीर करणे, आणि अल्पायुषी वस्तूंत पीव्हीसीला पूर्ण मज्जाव. पण फलकाची परवानगी महापालिका देते, आणि तिला आजही काही अटी घालता येतील. फलक कापडाचा असावा, ही पहिली. वस्त्रनगरी इचलकरंजी जवळ असताना कोल्हापूरचे चौक पीव्हीसीने मढवावे लागतात, हे मला पटत नाही. कापडावर डिजिटल छपाई होते, आणि छपाईवाल्यांचा धंदा फ्लेक्सवरच अवलंबून राहिला पाहिजे असे नाही. यंत्र आणि शाई बदलायला त्यांना वर्ष-दोन वर्षांची मुदत आणि कर्जाची सोय मात्र द्यायला हवी. तोवर जे फ्लेक्स लागेल त्यावर आकारमानाप्रमाणे अनामत घ्यावी, कोपऱ्यात छापणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक असावा, आणि फलक परत आणून दिल्यावरच अनामत परत मिळावी. जो गोठ्यावर घालायला मागेल त्याला तो नोंद करून द्यावा, आणि फाटल्यावर तोच तुकडा परत आणणाऱ्यालाही काही रक्कम मिळावी. कचरा नेणाऱ्या टिपरवरच्या कर्मचाऱ्यांना आणि कचरावेचक महिलांना पीव्हीसी ओळखणे अवघड नाही: पॉलिथिन पाण्यावर तरंगते, पीव्हीसी बुडते, आणि शंका असेल तिथे शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तापवलेल्या तांब्याच्या तारेला लागलेल्या कणाने ज्योत हिरवी होते की नाही, हे क्षणात कळते. वेगळे काढलेले पीव्हीसी जाळण्याच्या इंधनात न घालता स्वतंत्र साठवावे, आणि किती जमले, कोणाच्या फलकांचे जमले, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी प्रभागनिहाय प्रसिद्ध करावा.